पप्पांच्या वहीतलं वाक्य

"तर मग, हे वाक्य कुठल्या पानावर आहे?" परीक्षक बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं आणि मी पुन्हा प्रबंधाची पानं चाळू लागले.

म्युनिकमध्ये माझ्या पीएचडीची तोंडी परीक्षा चालू होती. विषय होता जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतल्या शब्दांचे विसरलेले अर्थ. 'नाइस' म्हणजे एके काळी 'चोखंदळ', याला पुरावा म्हणून मी लिहिलं होतं, 'दुसऱ्याच्या पेनाने सहीही न करण्याइतका तो नाइस होता.' हे वाक्य पप्पांच्या वहीतलं. पप्पा परभणीकडे शाळेत इंग्रजी शिकवायचे. वहीत वर कादंबरीचं नाव, खाली शब्द, अर्थ, वाक्य. मला ती वही म्हणजे छापील पुस्तकच. मूळ कादंबरी उघडून ताडून पाहायला काय झालं होतं मला? गाढव कुठली!

परीक्षा ऐकायला घरचे येऊ शकतात, म्हणून पप्पा मागच्या रांगेत होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली आणि मला कळलं. ज्या शब्दाला वाक्य सापडलं नाही, त्यासाठी त्यांनी ते स्वतःच रचलं होतं.

"टिपण हरवलं असेल तर तसं सांगा," बाई म्हणाल्या.

"हो," मी पटकन म्हणाले, "हरवलं."

मागे खुर्ची सरकली. कॉपी करणाऱ्या पोरांना बाकावर उभं करणारे पप्पा आज स्वतः उभे होते.

"हरवलं नाही, मॅडम," ते इंग्रजीत म्हणाले. "वाक्य माझं आहे. तिचे मार्क कापा."