उजवीकडून येणारी

अब्रेहेतला गाडी चालवायची हौस कधीच नव्हती. तिची ती गरज होती. एरिट्रियातून निर्वासित म्हणून आल्यापासून नॉर्वेच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावात ती घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करायची. कुणाला आंघोळ घालायची, कुणाच्या गोळ्या लावून द्यायच्या, कुणाला नुसतं उठवून खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं. गावातली घरं ती पायी करायची आणि हिवाळ्यात बर्फावर पायानं रेटत न्यायची घसरगाडी घ्यायची. पण डोंगराच्या कडेनं लांब लांब विखुरलेली शेतघरं होती, तिथं गाडीशिवाय पोचता येत नव्हतं. पक्की, पूर्ण वेळेची नोकरी हवी असेल तर लायसन काढ, असं तिच्या वरिष्ठ बाईंचं, तुरीदचं, तिला दोनदा सांगून झालं होतं. तिसऱ्यांदा ऐकून घ्यायची वेळ येण्याआधी अब्रेहेतनं मोटार शाळेत नाव घातलं. तेव्हा ती पन्नाशीला टेकली होती.

लेखी परीक्षा तिनं पहिल्याच फटक्यात काढली. म्हाताऱ्यांशी बोलून बोलून तिची नॉर्वेजियन भाषा पक्की झाली होती, फक्त त्यांच्यासारखीच जुन्या वळणाची. तिची मुलगी सेनाइत त्यावरून तिला हसायची. सेनाइत औषधांच्या दुकानात कामाला होती, तिच्याकडे जुनी निळी गाडी होती, आणि सरावाला आईच्या शेजारी बसायचं काम तिच्याकडेच आलं.

"आई, आरसा."

"बघितला की."

"नुसते डोळे फिरवून नाही चालत. मान वळव. परीक्षकाला दिसलं पाहिजे."

"म्हणजे बघायचंही आणि बघितल्याचं दाखवायचंही?"

"हो. आणि क्लच सोड हळू, ती काय जात्याची खुंटी आहे?"

"तुला चालायला शिकवलं तेव्हा मी अशी बोलले नव्हते," अब्रेहेत म्हणायची. सेनाइत खिडकीबाहेर बघत गालातल्या गालात हसायची.

हळूहळू गाडी हाताला आली. चढावर थांबवून पुन्हा काढणं, बोगद्यात दिवे, निसरड्या रस्त्याचा सक्तीचा धडा, सगळं झालं. त्या धड्याला मुद्दाम निसरड्या केलेल्या मैदानात गाडी भोवऱ्यासारखी फिरली, तेव्हा बरोबरची कॉलेजातली पोरं पांढरी पडली आणि अब्रेहेत मात्र पोट धरून हसली. शाळेतल्या शिक्षिका ओडनी, साठीच्या, आखूड केसांच्या बाई, म्हणाल्या, "हिला भीती नाही वाटत. ही पास होणार."

ती नापास झाली.

परीक्षेचं केंद्र खाडीपलीकडच्या शहरात होतं. शरदातला पाऊस पडत होता. शेजारी पिकल्या केसांचा, मऊ बोलणारा परीक्षक बसला होता. अब्रेहेतनं एकही चूक केली नाही, निदान तिला तरी तसंच वाटलं. परत येऊन गाडी लावल्यावर त्यानं हातातली कागद लावलेली फळी मांडीवर ठेवली.

"तू गाडी धोकादायक चालवत नाहीस," तो म्हणाला. "पण तू जाणार की थांबणार, हे कुणाला कळत नाही. तुझा जायचा हक्क होता तिथं तू थांबलीस. वर हात करून दुसऱ्यांना बोलावलंस. तुझ्या मागं रांग लागली होती, पाहिलीस?"

पाहिली होती. तिला त्यांची दयाच आली होती.

त्या देशात पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं, मग ती गाडी कुणाचीही असो. हे तिला तोंडपाठ होतं. डावीकडून कुणी येत असेल तर त्यानं थांबायचं, आपण जायचं, हेही पाठ होतं. पण डावीकडून गाडी आली की तिचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा आणि हात वर व्हायचा: तुम्ही व्हा पुढं.

परतताना ती आणि तिला सोडायला आलेली सेनाइत फेरीबोटीवर गाडीतच बसून राहिल्या. काचेवरून पाणी ओघळत होतं.

"बास झालं," अब्रेहेत म्हणाली. "नको मला ते लायसन. घसरगाडी बरी."

आता सेनाइतला राहवलं नाही. "आई, हे गाडीचं नाहीच आहे. तू सगळीकडे हेच करतेस. फुटपाथवर समोरून कुणी आलं की तू बर्फात उतरतेस. दुकानात तुझ्यामागून आलेला माणूस आधी सामान घेऊन जातो. माझ्या शाळेच्या सभेला तू दाराजवळ उभी राहायचीस, खुर्च्या रिकाम्या असताना. मला लाज वाटायची."

अब्रेहेतनं तिच्याकडे पाहिलं नाही. "वाट सोडून बाजूला झाले म्हणून आपण इथवर आलो," ती म्हणाली. "नाक्या-नाक्यावर मान खाली घातली. भांडले असते तर तू अजून तिकडेच असतीस, कुठल्या तरी छावणीत. मी गप्प बसले, म्हणून तुला आज बोलता येतंय."

सेनाइतनं आईच्या हातावर हात ठेवला आणि बोट धक्क्याला लागेपर्यंत काढला नाही.

बातमी गावभर झाली. रविवारी प्रार्थनेनंतर एरिट्रियातली मंडळी अब्रेहेतच्या घरी कॉफीला जमली. त्यात वोल्दू होता. तिच्या नवऱ्याचा, किदानेचा जुना मित्र. गावातून फेरीबोटीनं शहरात जाणारी बस तो चालवायचा आणि ते कुणाला विसरू द्यायचा नाही.

"वहिनी, ऐकलं ते खरं का?" त्यानं बशीतले फुटाणे तोंडात टाकत विचारलं. "हळू चालवली म्हणून नापास? जगभर लोक जोरात चालवून नापास होतात."

बायका हसल्या. अब्रेहेत मान खाली घालून कपात कॉफी ओतत राहिली.

"त्यापेक्षा माझ्या बसनं येत जा," वोल्दू म्हणाला. "दार उघडतो, बसायचं, उतरायचं. डोक्याला ताप नाही."

किदाने मासळीच्या कारखान्यात कामाला होता. नजर अधू असल्यामुळं त्याला स्वतःला लायसन मिळणं शक्य नव्हतं. बोलायचा तो मोजकंच. तो कोपऱ्यातून म्हणाला, "तुझी बस शेतघरांपर्यंत जाते का रे?"

"नाही."

"मग?"

वोल्दूनं पुन्हा फुटाण्यांच्या बशीत हात घातला. त्यांच्या रिवाजाप्रमाणे तिसऱ्या वेळची कॉफी पिऊन होईपर्यंत कुणी गाडीचा विषय काढला नाही. पण अब्रेहेतला झोंबायचं ते झोंबलं होतं. सोमवारी काम संपवून ती सरळ ओडनीबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

"मला चौक शिकव," ती म्हणाली.

"चौक तुला येतात."

"येत नाहीत. मला जाता येत नाही."

ओडनीनं कोट चढवला. गावातल्या बंदरामागं जुन्या घरांची वस्ती होती. अरुंद रस्ते, पावलापावलावर चौक, पाटी एकही नाही. त्या वस्तीत ओडनीनं तिला फिरवलं आणि पुन्हा फिरवलं.

"हात स्टिअरिंगवरून उचलायचा नाही. कुणालाही बोलवायचं नाही. तू पोलीस नाहीस."

डावीकडून एक लाल गाडी आली. अब्रेहेतचा पाय ब्रेककडे गेला.

"कोण आधी?"

"मी."

"मग?"

"तो थांबला नाही तर?"

"बघ त्याच्याकडे. वेग कमी करतोय की नाही? तो तुझी वाट बघतोय. तू नाही गेलीस तर तो काय करेल? तू जाशील म्हणून तो थांबणार, तो थांबेल म्हणून तू थांबणार, आणि दोघं मिळून अपघात कराल. तू थांबलीस तर तो तुला भली बाई म्हणणार नाही. त्याला कळणारच नाही, या बाईला हवंय तरी काय."

अब्रेहेत गेली. लाल गाडी थांबली. गाडीतल्या माणसानं तिच्याकडे पाहिलंही नाही, तो स्वतःशीच काहीतरी गुणगुणत होता.

"झालं काही?" ओडनीनं विचारलं.

"नाही."

"पुन्हा."

महिने गेले, बर्फ पडला. सराव चालू राहिला, कधी ओडनीबरोबर, कधी सेनाइतबरोबर. मधेच एकदा बेकरीत अब्रेहेत रांगेत उभी होती. जाड लोकरी टोपीचा एक धिप्पाड माणूस तिच्या पुढं जाऊन पाव मागायला लागला. ती नेहमीसारखी अर्धं पाऊल मागं सरली आणि तिथंच थबकली.

"माझा नंबर आहे," ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

माणूस वळला. "अरे, हो का. माझं लक्षच नव्हतं," असं म्हणून तो बाजूला झाला. बस, एवढंच. अब्रेहेत पाव घेऊन बाहेर आली आणि दारातच उभी राहून हसायला लागली. आत काउंटरवरच्या पोरीला वाटलं, बाईंना पैसे जास्त परत मिळाले असावेत.

दुसरी परीक्षा मार्चमध्ये होती. रस्त्यांच्या कडेला मळकट बर्फाचे ढीग होते आणि ऊन इतकं कडक की सगळं चकाकत होतं. या वेळी परीक्षक एक तरुण बाई होती, कानात लहान मोत्यांचे डूल, चेहऱ्यावर रागही नाही, हसूही नाही. सेनाइत केंद्राच्या बाकावर बसली. "आई," ती एवढंच म्हणाली.

हमरस्ता झाला, वर्तुळाचा चौक झाला, मोठ्या रस्त्यावर वेग वाढवून वाहतुकीत मिसळणं झालं. शाळेजवळच्या पट्ट्यांवर एक आजोबा काठी टेकत उभे होते. अब्रेहेत थांबली. आजोबांनी सावकाश रस्ता ओलांडला, मधेच थांबून हातमोजा सारखा केला, पुन्हा निघाले. मागं कुणीतरी भोंगा वाजवला. अब्रेहेत जागची हलली नाही, आजोबा पलीकडं पोचल्यावरच निघाली.

"पुढं डावीकडे," बाई म्हणाली. "बंदराकडं."

शहरातल्या बंदरामागच्या गोदामांत रस्ता अरुंद होता. दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. पुढं चौक, पाटी नाही. अब्रेहेतनं गिअर खाली घेतला, उजवीकडे पाहिलं. रस्ता मोकळा. डावीकडे पाहिलं, आणि तिकडून मासळीचा ट्रक येत होता. उंच, पांढरा, पुढच्या चाकांतून चिखल उडवणारा. वरच्या केबिनमध्ये दाढीवाला ड्रायव्हर.

तिच्या डाव्या हाताची बोटं स्टिअरिंगवरून सुटली. तिला ती सुटलेली दिसली. अजून किंचित, आणि हात वर गेला असता, आणि ट्रक निघून गेला असता, आणि कुणी तिला वाईट म्हटलं नसतं. तिनं ट्रककडे पाहिलं. त्याचा वेग उतरत होता. ड्रायव्हरची नजर तिच्यावर होती. तो वाट बघत होता.

अब्रेहेतनं बोटं पुन्हा मिटली, पाय ब्रेकवरून उचलला आणि गाडी चौकात घातली. ट्रकचे हवेचे ब्रेक फुसकारले. त्याचं नाक तिच्या खिडकीच्या कितीतरी वर, स्थिर उभं होतं. ती त्याच्यासमोरून सरळ, न घाई करता, निघून गेली. आरशात तिनं पाहिलं, मान वळवून, नीट दिसेल असं. ट्रक मागून निघाला आणि आपल्या वाटेनं गेला.

केंद्रावर परतल्यावर बाईनं विचारलं, "कसं वाटलं तुला?"

"चांगलं," अब्रेहेत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं या प्रश्नाच्या उत्तराला पुढं 'पण' जोडला नाही.

"मलाही. पास."

"मी?"

परीक्षक बाईनं मागच्या सीटकडे वळून पाहिलं. "दुसरं कुणी आहे का गाडीत?" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं हसली.

सेनाइतला काही सांगावं लागलं नाही. आईची चाल पाहूनच ती बाकावरून उठली, आणि रडायला लागली ती आईच. मग सेनाइतही. खिडकीमागच्या कारकुनानं दोघींना कागदी रुमालांचा डबा सरकवला आणि तात्पुरतं लायसन त्याच्यावर ठेवून दिलं.

घरी जाताना गाडी अर्थातच अब्रेहेतनं चालवली. धक्क्यावर केशरी कोटातल्या माणसानं हातानं खूण करून तिला बोटीत सगळ्यात पुढच्या जागी घेतलं, आणि ती गेली. शेजारच्या रांगेत वोल्दूची बस येऊन लागली. त्यानं खिडकी सरकवली, खाली वाकून पाहिलं आणि पुन्हा पाहिलं.

"वहिनी, चालवतंय कोण?"

"डोळे तपासून घ्या, वोल्दू. बस चालवता तुम्ही."

वोल्दूनं स्टिअरिंग सोडून दोन्ही हात छातीवर ठेवले आणि मान लववली. मग बसचा भोंगा असा लांबलचक वाजवला की वरच्या डेकवरचे लोक कठड्याशी धावत आले. पलीकडच्या धक्क्यावर बोटीचं तोंड उघडलं आणि उजेड आत आला. अब्रेहेत सगळ्यांच्या आधी बाहेर पडली. बस मागून आली. खाडीच्या कडेच्या रस्त्यावर अब्रेहेत अगदी पाटीवर लिहिलेल्या वेगानं चालली, ना कमी ना जास्त. सेनाइतचं डोकं केव्हाच खिडकीला टेकलं होतं. इतक्या महिन्यांत ती आईच्या शेजारी पहिल्यांदाच झोपली होती.

इमारतीपाशी गाडी थांबली तेव्हा शेजारच्या बायका गॅलरीत जमल्याच होत्या. वोल्दूनं थांब्याथांब्यावरून फोन केले असणार. जिभा हलवत त्यांनी लग्नघरासारखा आनंदाचा गजर केला. खालच्या मजल्यावरच्या नॉर्वेजियन आजींनी खिडकी उघडली आणि कारण कळल्यावर त्याही टाळ्या वाजवायला लागल्या. सेनाइत डोळे चोळत उतरली.

जिन्यातून किदाने आला. घरातल्या सपाता तशाच पायांत होत्या, अंगात कारखान्याचा स्वेटर. तो गाडीला वळसा घालून आला, शेजारच्या सीटवर बसला आणि पट्टा लावला.

"कुठं जायचंय?" अब्रेहेतनं विचारलं.

"कुठंही," तो म्हणाला. "मला नुसतं बसायचंय."

तिनं आरशात पाहिलं, मान वळवून पाहिलं, इंडिकेटर लावला, आणि सपातांसकट नवऱ्याला घेऊन समुद्राकडच्या रस्त्याला लागली.