रिनाची पाळी

मित्रांनो, मी एका आश्रमशाळेचा जुना फळा आहे. धडगावच्या वरच्या अंगाला, शाळेच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभा असतो. अस्सल सागाचा बरं का! वर्गात होतो तेव्हा माझा थाट बघायला हवा होता. दर उन्हाळी सुट्टीत नवा काळा रंग, रोज ओलं फडकं. मग वर्गात पांढरा गुळगुळीत फळा आला आणि माझी रवानगी बाहेर झाली. फार राग आला, खोटं कशाला बोलू?

पण पोरांनी मला वाया जाऊ दिलं नाही. त्यांनी माझ्यावर एक खेळ मांडला. ज्याची पाळी, त्याने एक नियम नवा करायचा नाहीतर जुना बदलायचा. सगळ्यांचे हात वर झाले की नियम पक्का. आपसांत भांडायची घरच्या पावरी बोलीत, लिहायची मात्र शाळेच्या मराठीत. एकदा तर त्यांनी मलाच खेळाडू केलं! आता माझा हात कोण वर करणार? मग 'फळा गप्प म्हणजे हो' असाही नियम झाला. अहो, काय मान वाटला मला!

सगळ्यांत डोकेबाज रिना. तिच्यापुढे अजितचं काही चालायचं नाही. एकदा चिडून त्याने नियम घातला, "व्हरांडा सोडून गावाला जाईल तो बाद. हा नियम कधीच बदलायचा नाही." खेळाच्या भरात सगळ्यांनी हात वर केले. रिनानेही केला.

दिवाळीनंतर रिनाची आई, फुलवंताबाई, तिला न्यायला आली. गुजरातेत ऊसतोडीला जायचं होतं, आणि धाकट्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. एका पोराने घाईघाईने माझ्यावर लिहिलं, 'रिना जाणार नाही.' झरझर हात वर झाले. पोरांनी ते फुलवंताबाईला वाचून दाखवलं.

"पोरांनो, मी कुठे हात वर केलाय?" ती पावरीत म्हणाली. तिचे डोळे भरले होते. तिला तरी कुठे हौस होती!

"म्हणजे मी बाद?" रिनाने विचारलं.

अजितचं तोंड एवढंसं झालं. नियम त्याचाच, आणि बदलायची सोय त्यानेच ठेवली नव्हती. पाळीही नेमकी त्याचीच होती. त्याने खडू उचलला. मग त्याने लिहिलं, 'रिना जाईल तिथपर्यंत व्हरांडा.'

सगळ्यांनी हात वर केले. मी गप्प राहिलो. आणि मित्रांनो, पोरांनी वाचून दाखवलेलं ऐकून फुलवंताबाईनेही कडेवरचं पोर सावरत हात वर केला. "होळीला आणते तिला," ती म्हणाली. नियम हात वर करणाऱ्यांपर्यंतच पोचतो, हे मला त्या दिवशी कळलं.

रिनाला घेऊन जीप गेली. आता पाळी रिनाची आहे, म्हणून खेळ थांबलाय. पोरं संध्याकाळी माझ्यापुढे येऊन बसतात, पण खडूला कुणी हात लावत नाही. माझा रंग उडालाय, एक कडही फुटलीय. ते राहू द्या. एवढंच करा, कुणी फडकं घेऊन आलं तर त्याला थांबवा. व्हरांडा सध्या पार गुजरातेपर्यंत गेलाय, आणि त्याच्या त्या टोकाला आमची एक खेळाडू बसली आहे.