केळव्यातलं हाउस

उत्कर्षाला नाचाच्या संगीताची नावं पाढ्यांसारखी पाठ होती. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके पडले की हाउस, त्याहून वेगात, कोरडं, यंत्रासारखं वाजलं की टेक्नो, सुरांच्या लाटांवर लाटा आल्या की ट्रान्स. तारापूरच्या एका औषध कारखान्यात ती नमुने तपासायची. नमुन्यावरच्या नावाची चिठ्ठी चुकली की अख्खा माल परत, त्यामुळे नावात चूक न करणं तिच्या अंगवळणी पडलेलं. म्हणूनच केळव्याच्या, ओळखीतल्या केतनदादाने तिला रविवारी बोलावून घेतलं.

केतन कोळ्यांचा. घरची होडी होती, पण ह्याचा जीव स्पीकरांत. किनाऱ्यावरच्या हळदी, वराती तोच वाजवायचा. आता एका रिसॉर्टवर मुंबईची मंडळी उतरली होती आणि त्यांना फक्त डीप हाउस, म्हणजे हाउसचाच जरा संथ, मऊ प्रकार हवा होता.

"मना ती नावं कलत नाय," तो म्हणाला. "तू गानी निवड, मशीन मी सांभालतो."

दुपारी चारला रिसॉर्टच्या सुपारीच्या वाडीत गाणी सुरू झाली. एकूण एक चोख डीप हाउस. पाहुणे माना डोलवत बसून राहिले. अर्धा तास झाला तरी कोणी उठेना. उत्कर्षाचा चेहरा उतरला.

"चुकलं कुठे? यादीबाहेरचं एकही नाही."

"गानी बरोबर हायत. पन त्या बाईंकडं बघ. टाच हलते, गुडघा नाय. खालून जोर कमी पडतो. मी लावू काय?"

त्याने चालू गाणं तसंच ठेवलं आणि त्याखाली स्वतः रेकॉर्ड केलेला हळदीचा ढोल हळूच सोडला. चार ठोके, मग काढून घेतला. पुन्हा आठ. वेग त्याने निव्वळ कानाने जुळवला होता. उत्कर्षाने मशीनच्या पडद्यावरचा वेगाचा आकडा पाहिला आणि ती थक्क झाली. ढोल आणि गाण्यात केसाचाही फरक नव्हता.

आधी त्या बाई उठल्या, मग सगळेच. एक पाहुणा घामाघूम होऊन विचारायला आला, "हा कुठला प्रकार?"

आयुष्यात पहिल्यांदा उत्कर्षाकडे तयार नाव नव्हतं. "पाया हाउसचा आहे," ती म्हणाली, "आणि ढोल इथल्या हळदीचा. याला नाव अजून पडलेलं नाही."

वायरी गुंडाळताना केतनने विचारलं, "हाउस म्हंजे घर ना?"

"घर नाही. शिकागोत वेअरहाउस नावाचा क्लब होता. तिथं वाजतं तसलं द्या, म्हणून लोक रेकॉर्डच्या दुकानात मागायचे. त्यातून ते नाव पडलं म्हणतात."

"म्हंजे गिऱ्हाइकानं ठेवलेलं!" केतन खुलला. "आमचंबी तसंच. ओला बोंबील, सुका बोंबील. मासा एकच, पन नाव नसलं तर कोन मागनार कसा? मना सगली नावं शिकव."

"शिकवते. तुम्ही मला ते टाच-गुडघा शिकवा."

पुढच्या सुट्टीला एका अंगणात हळद होती. केतनने तिला मशीनपाशी उभं केलं. "पडद्याकडं बघू नको. त्या आजी उठतात बघ. आता!"

तिने ढोल सोडला. जरा उशीरच झाला. आजी हसल्या, क्षणभर थांबल्या आणि पुढच्या ठोक्याला नाचू लागल्या.