डोक्यावरचा पदर

आंबिवलीला धाकट्या दिराच्या हळदीत नाचता नाचता सासरे कोसळले, तेव्हा दिशा बायकांच्या घोळक्यात डोक्यावर पदर घेऊन उभी होती.

"कांदा आणा, हुंगवा!" कोणीतरी ओरडलं. कांद्याने कोणाचं हृदय चालू झालंय?

दिशा गर्दीत घुसली. सासऱ्यांच्या तोंडाशी तिने कान नेला. श्वास नव्हता. "अँब्युलन्स बोलवा!" म्हणत ती गुडघ्यांवर बसली.

"अगो, सासऱ्याच्या अंगाला हात लावतेस?" आत्तेसासू किंचाळली.

दिशा वर्षभर प्रथमोपचार करणाऱ्या स्वयंसेवकांच्या गटात होती. शहाड स्टेशनवर बंद पडलेलं हृदय चालू करायला दोन अनोळखी माणसांच्या छात्या तिने दाबल्या होत्या. घरात मात्र सासऱ्यांच्या हातात ती चहाचा कपसुद्धा देत नसे, समोर ठेवून मागे सरकायची. आता तिने दोन्ही पंजे त्यांच्या छातीच्या मधोमध रोवले आणि मोठ्याने मोजत दाबायला लागली.

हळद-तेलाने छाती माखलेली, हात सटकत होते. पंधरा मोजले आणि पदर घसरला. सवयीने तिचा एक हात डोक्याकडे गेला.

तो हात सासूने, सगुणाबाईंनी, वरच्यावर धरला. सकाळीच या पदरावरून त्यांनी तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. त्यांनी तो पदर खस्सकन ओढला, त्यानेच नवऱ्याच्या छातीवरचं तेल खसाखसा पुसलं आणि सुनेचा हात पुन्हा जागेवर आपटला.

"आता थांबलीस तर बघ!"