दम नसलेला हेडफोन

सरळ सांगतो. ताईचा आवाज मी बिघडवला, आणि चार दिवस तिला कळू दिलं नाही.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसते. दाढ ठणकत असली की माणूस कुणाच्या बापाचं ऐकत नाही, पण तिचं ऐकतो. "बसा हो, पाच मिनिटं, डॉक्टर येतातच," एवढं ती म्हणाली की चिडलेला पेशंट गपचूप खुर्चीत. मी स्वतः पाहिलंय. तिच्या आवाजात खाली एक जाड, ऊबदार थर आहे. सगळी जादू त्यातच.

डॉक्टर आता दवाखाना बंद करणार होते. ताईला दुसरं काम बघायचं होतं, आणि पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायचं काम हे तिला मनापासून हवंसं वाटलेलं पहिलंच. कंपनीने दहा मिनिटांचा नमुना मागितला. ताई कपाट उघडून तिथे टांगलेल्या कपड्यांकडे तोंड करून बसली, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही, आणि वाचलं.

ते साफसूफ करायचं काम माझं. दिवसा मी कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं नोंदवतो. हे बाकीचं व्हिडिओ बघून बघून शिकलोय, गुरू वगैरे कुणी नाही.

हेडफोन मात्र माझा लाडका होता. दोन महिने रिव्ह्यू वाचून शोधलेला. स्वस्तातला, घडी होणारा, खोक्यावर हे एवढ्या मोठ्या अक्षरात 'एक्स्ट्रा बास'. ड्रम वाजला की कानशिलं थरथरायची. भेटेल त्याच्या कानावर चढवायचो. बघ, एवढ्याशा पैशात काय माल मिळवलाय!

त्यातून ताई हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखी वाटत होती. मी खालचा आवाज थोडा कापला. तरी घुमत होता. अजून कापला. मग कसं, मोकळं वाटलं. ताईला तोच हेडफोन घालून ऐकवलं.

"किती स्वच्छ केलंस रे!" ती म्हणाली.

पाठवून दिलं.

आठ दिवसांनी उत्तर आलं. वाचन समजून केलेलं आहे, पण आवाज फार पातळ आहे, तासन्‌तास ऐकवणार नाही. धन्यवाद.

ताई "बरं" म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

मग ती मुद्दाम खर्जात बोलायला लागली. गळा दाबून. आईने विचारलं, "घसा बसलाय का गं?" तर म्हणाली, "नाही, मुळात आवाजच नाही मला." आपला आवाज आपल्याला आतून, हाडांमधून ऐकू येतो. बाहेर कसा जातो ते माहीत नसतं. त्यामुळे कुणी पातळ म्हटलं की मानून घ्यावं लागतं.

मला कळलं ते पंधरा-वीस दिवसांनी, ऑफिसात. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या साध्या स्पीकरवर मी तो नमुना लावला. वजनकाट्यावर बसणारे मामा डबा खात होते.

"हे काय, डास वाचतोय का?"

मला राग आला. म्हणून न कापलेलं मूळ रेकॉर्डिंग लावलं. मामांचा घास हातातच राहिला.

"ही कोण? ही बरी वाचतेय की."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. ताई घुमत नव्हती, हेडफोन घुमवत होता. त्याने पदरचा घातलेला बास, म्हणजे तो खालचा आवाज, मी तिच्यातून कापून काढला होता. चष्म्याची काच पिवळी, आणि मी भिंत घासत बसलेलो. हेडफोन आणल्यावर मी त्याची परीक्षा घेतली ती माझ्या पाठ असलेल्या गाण्यांवर. पाठ असलेलं गाणं कशातही छानच वाटतं. ते कसं वाजायला हवं हे मला कुठे माहीत होतं?

चार दिवस गप्प का बसलो? तिने शाबासकी दिली होती म्हणून. घरात मला 'यातलं कळतं' असं म्हणणारी ती एकटीच.

पाचव्या दिवशी ती इस्त्री करत होती. सांगून टाकलं.

इस्त्री उभी करून ठेवली तिने. "म्हणजे मी तीन आठवडे घसा दाबून बोलत्येय, आणि चूक तुझ्या त्या डबड्याची?"

"माझी."

"कधीपासून माहितीये?"

"सोमवारपासून."

"आज शुक्रवार आहे, गाढवा!"

तिने इस्त्री पुन्हा उचलली. मग शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा दाबत म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून तर नाही ना सांगत?"

हे मात्र लागलं. मामांचं सांगितलं, तर म्हणे मामांना काय कळतंय. मी म्हटलं, "उद्या हेडफोनच्या दुकानात चल. तुझा आवाज तुझ्यापेक्षा मला जास्त माहितीये. जन्मापासून ओरडा खातोय."

दुकानदाराने विचारलं, "कुठलं गाणं लावू?"

"गाणं नको. ही बोलेल."

त्याने आमच्याकडे असं पाहिलं की जणू आम्ही दाढ दाखवायला आलोय. ताईने एक खोकं उचललं आणि मागचं वाचायला लागली, "पाण्यापासून दूर ठेवा. उन्हात ठेवू नका. वायर ओढू नका." मी ते फोनवर रेकॉर्ड केलं. मग एकेका हेडफोनमधून ऐकायचं, काढायचं, समोर तिला तेच पुन्हा वाचायला लावायचं. कानावर असताना आणि नसताना ताई तीच राहायला हवी. एवढीच परीक्षा.

पहिल्यात ती हंड्यात. दुसऱ्यात सर्दी झालेली. तिसऱ्यात तिच्या प्रत्येक 'स'ला सुई टोचत होती.

"वायर ओढू नका," ताई अकराव्यांदा म्हणाली. "आता तुझा कान ओढते."

खालच्या फळीवर एक राखाडी हेडफोन धूळ खात होता. साधा फोम, बारीक वायर, सगळ्यात स्वस्त.

"तो नको घेऊ," दुकानदार म्हणाला. "दम नाही त्यात. लोक परत आणून देतात."

मी लावला. डोळे मिटले. "उन्हात ठेवू नका." काढला. "उन्हात ठेवू नका."

हेडफोनमधली ताई कुठली आणि समोरची कुठली ते कळलंच नाही. खरंच दम नव्हता त्यात. स्वतःचं असं काहीच नव्हतं. नुसती ताई होती.

मग मी तिच्या कानावर तो चढवला आणि तिचं ते मूळ, न कापलेलं वाचन लावलं. ती काउंटरला टेकून दहाच्या दहा मिनिटं ऐकत राहिली. मागे दोन गिऱ्हाईकं ताटकळली.

हेडफोन काढून ती एवढंच म्हणाली, "तिसऱ्या पानावर मी फार घाई केलीये."

घसा सोडून म्हणाली. नेहमीच्या आवाजात.

बाहेर येऊन तिथेच फुटपाथवर तिने कंपनीच्या बाईंना फोन लावला. वाटलं, सांभाळून घेईल मला. कसलं काय. "पहिला नमुना माझ्या भावाने बिघडवला," म्हणाली, "दुसरा पाठवू का?" पलीकडच्या बाई बहुतेक हसल्या. पाठवा म्हणाल्या, पण ठरवू ते ऐकल्यावरच.

आज सकाळी ती वाचायला बसली. मी लॅपटॉप घेऊन आत गेलो.

"बाहेर," ती म्हणाली. "नीट झालं तर ऐकायला बोलवेन. कापायला नाही."

दार लावून घेतलं. आत्ता मी दाराबाहेर जमिनीवर बसून हे टाइप करतोय. बंद दारातून शब्द कळत नाहीत, वरचा आवाज सगळा लाकडात अडकतो. बाहेर येतोय तो फक्त खालचा. तिसऱ्या पानावर आली असावी, सावकाश वाचतेय.