दुहेरी कापड

हेडविग लांडाऊ लोणावळ्याला आली ती १९३८च्या दिवाळीत. त्याआधी जर्मनीतल्या ब्रेस्लाउच्या विद्यापीठात तिने तळ्यांच्या पाण्यातल्या, साखरेच्या कणाहून लहान जिवांचा अभ्यास करण्यात उमेदीची वर्षं घालवली होती. हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू म्हणून तिला काढून टाकलं. ज्याला तिने स्वतः सूक्ष्मदर्शक हाताळायला शिकवलं होतं, तोच तरुण तिच्या खोलीत बसायला आला. पुढे ओळखीच्या ओळखीने मुंबईच्या एका पारशी कुटुंबात काम मिळालं. उन्हाळ्यात त्यांच्या मुलांना शिकवायचं आणि एरवी त्यांचा लोणावळ्याचा बंगला सांभाळायचा.

हे एरवीचे महिने फार लांब असत. धुकं खिडकीतून आत शिरायचं, पुस्तकांना बुरशी धरायची. विज्ञानाला देश नसतो, असं ती विद्यार्थ्यांना मोठ्या तोऱ्यात सांगत असे. आता वाटे, विज्ञानाला नसेल, पण वैज्ञानिकाला निदान "आज काय दिसलं?" असं विचारणारं एक माणूस तरी लागतं.

पुढच्या उन्हाळ्यात लेणी पाहायला म्हणून ती मळवलीला उतरून भाज्याला गेली. वाटेत रज्जाकच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर त्याची बायको चाँदबी पाय पसरून बसली होती. घोट्यातून दोऱ्यासारखं पांढरं काहीतरी बाहेर आलं होतं आणि ते तिने एका काडीला गुंडाळलं होतं.

"नारू हाय, मडम," चाँदबी म्हणाली. "रोज वाईच वाईच गुंडाळायचा. तुटला तर पाय सडतोय. तुमी डाक्टरीन का?"

"किड्यांची," हेडविग मोडक्या मराठीत म्हणाली. "पाणी कुठलं पिता?"

पाणी पायऱ्यांच्या बारवेचं होतं. पुढच्या रविवारी ती सूक्ष्मदर्शक घेऊनच आली. चाँदबीने एक डोळा मिटून बारवेच्या पाण्याचा थेंब पाहिला. त्यात बारीक जीव वळवळत होते. ती झटक्यात मागे सरली.

"या अल्ला! ह्ये आमी पितो?"

हेडविगने समजावून सांगितलं. नारू झालेलं माणूस बारवेत पाय बुडवतं, नारूची पिल्लं पाण्यात उतरतात, पाण्यातले हे बारीक जीव ती पिल्लं गिळतात आणि पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातात. वर्षभराने नारू बाहेर पडतो.

"मंग करायचं काय?"

"हंड्याच्या तोंडाला दुहेरी कापड बांधायचं. बस, एवढंच."

त्या संध्याकाळी लोणावळ्याला परतताना, कितीतरी वर्षांनी, आपण कुणाच्या तरी कामाचे आहोत असं तिला वाटलं.

पण युद्ध सुरू झालं. पोलीस ठाण्यात तिला बोलावून घेतलं. जर्मन पासपोर्ट, म्हणजे शत्रुराष्ट्राची प्रजा. परवानगीशिवाय लोणावळा सोडायचं नाही.

"साहेब, जर्मनांनी मला जर्मन नाही म्हणून हाकललं," ती म्हणाली.

फौजदार वाईट माणूस नव्हता. "बाई, मला वरून हुकूम आहे," तो खाली मान घालून म्हणाला.

मळवली आगगाडीने पुढचंच स्टेशन. पण तेही आता ब्रेस्लाउइतकंच लांब झालं. बाजारात लोक तिच्याकडे बघून कुजबुजत. ब्रेस्लाउमध्ये मागे राहिलेल्या आईचे रेडक्रॉसमार्फत दोन-दोन ओळींचे निरोप यायचे. बेचाळीस साली तेही थांबले. संध्याकाळी व्हरांड्यात बसून ती दरीतून वर येणारं धुकं बघत राही आणि अंधार पडला की आत जाई.

त्रेचाळीसच्या उन्हाळ्यात दिवसापुरतं बाहेर जायची परवानगी मिळाली. ती थेट भाज्याला गेली. ओट्यावर आता चाँदबीची मुलगी गुलजार बसली होती. तिच्या पिंढरीतून नारू निघाला होता. दुकानात हंडा उघडाच होता.

हेडविगचा तोल गेला. "मी सांगितलं होतं ना! कापड का नाही बांधलं?"

"बांधलं व्हतं की. फाटस्तवर बांधलं," चाँदबी म्हणाली. "आता लढाईपायी कंट्रोलात कापड मिळतंय कुटं? पोरीच्या अंगाला धडुतं न्हाई, हंड्याला कुटलं बांदू?"

हेडविगच्या शास्त्रात कापड नुसतंच असे. ते कुणाच्या अंगावरून काढायचं, हा प्रश्न कुठल्याच ग्रंथात नव्हता.

घरी येऊन तिने ट्रंकेच्या तळाच्या लिननच्या चादरी काढल्या. मुलीच्या लग्नासाठी म्हणून आईने जमवलेल्या, कोपऱ्यात स्वतःच्या नावाची अक्षरं भरतकामात काढलेल्या. लग्न झालं नव्हतं. चादरींची घडीही कधी मोडली नव्हती. मांडीवर घेऊन ती बराच वेळ बसून राहिली. मग त्या पिशवीत भरल्या.

पुढच्या रविवारी चाँदबीच्या ओट्यावर बायका जमल्या. कात्री झुंबरबाईच्या हातात होती. गावात तिचा शब्द चालायचा. चादरीच्या कोपऱ्याशी येऊन ती थांबली.

"ही कुनाची अक्षरं, मडम?"

"आईची."

"कुटं असत्यात त्या?"

"माहीत न्हाई," हेडविग त्यांच्यासारखंच म्हणाली.

झुंबरबाईने तेवढा कोपरा अलगद कापून तिच्या हातात ठेवला आणि बाकीच्या कापडाला कात्री लावली.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारू निघालाच नाही असं काही झालं नाही. कुणी शेतावर तसंच पाणी प्यायलं, कुणी कापडाची लंगोटी केली. पण चाँदबीच्या घरात तो निघाला नाही, झुंबरबाईच्याही नाही. ते ज्याला कळवावं असं कुणी तिला उरलं नव्हतं.

युद्ध संपल्यावर आईबद्दल जे कळायचं ते कळलं. हेडविग काही आठवडे भाज्याला गेली नाही. तेव्हा चाँदबीच एका दुपारी पत्ता विचारत बंगल्यावर आली. सगळ्या खोल्यांतून नजर फिरवून ती म्हणाली, "एवढ्या घरात तुमी एकल्याच?"

हेडविगने आईचं सांगितलं. चाँदबी तिच्याजवळ जमिनीवर बसली. मग विचारलं, "आता जानार का तुमच्या मुलखाला?"

"तितं आता कुणी न्हाई."

"मंग हितंच ऱ्हावा."

हितं तरी कोण आहे, असं हेडविगच्या ओठांवर आलं होतं. पण समोर चाँदबी बसलेली असताना तिला ते म्हणवेना. ती चाँदबीला पोचवायला स्टेशनवर गेली.

"ऐतवारी या, भाकरी करून ठिवते!" गाडी सुटताना चाँदबी खिडकीतून ओरडली.

हेडविगने मान हलवली. फलाट रिकामा झाला. चढ चढून ती बंगल्याकडे निघाली तेव्हा झाडांत धुकं उतरायला लागलं होतं, आणि रविवार अजून लांब होता.