केसभर पॅकिंग

धैर्यशील इंगवल्याने झूम मागे ओढली आणि दिवाणखान्यातली माणसं पुसट झाली. कॅमेऱ्यात नव्हे, दिवाणखान्यातच. त्याच्या आईचा, म्हणजे आक्कासाहेबांचा, चष्मा चेहऱ्यात विरघळला. थोरला भाऊ रणधीर सोफ्यात मिसळला. बायको कुमुद ओवाळायला उभी होती. तिच्या बोटांचा आकार गेला नि निरांजन खाली पडलं.

"चांदीचं आहे गं ते," आक्कासाहेब म्हणाल्या.

लेन्स कोल्हापुरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतली, सिनेमाची. नव्या कॅमेऱ्याचं तोंड वेगळं, म्हणून उद्यमनगरातल्या शिकलगार मिस्त्रीने लेथवर मधली रिंग करून दिली होती. धैर्यशीलने रीतीप्रमाणेच केलं होतं: झूम पार पुढे, आईच्या डोळ्यावर फोकस, मग झूम मागे, सगळं कुटुंब चौकटीत. पुढे होती तोवर आई लख्ख. मागे घेतली तसे सगळेच गेले. लेन्स काढून पाहिली, तरी माणसं तशीच. आक्कासाहेबांच्या सहस्रचंद्रदर्शनाला पाहुणे यायचे होते, आणि असल्या अवस्थेत चारचौघांत बसणं इंगवल्यांना शोभणारं नव्हतं.

मिस्त्रीला बोलावलं. तो बघून म्हणाला, "रिंग केसभर कमी पडलीया. मधी पातळ चकतीचं पॅकिंग लागतंय."

"मग घाला की पितळेचं."

"घरच्या माणसांना पितळ चालत नसतंय, साहेब. घरातलंच कुणीतरी पातळ व्हाय पाहिजे."

"मला शुगर आहे," रणधीर म्हणाला.

"आज तर माझाच मान," आक्कासाहेब म्हणाल्या.

"मी झालो तर कॅमेरा कोण चालवणार?" धैर्यशील म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं. इंगवल्यांकडे कारणांचा तुटवडा कधीच नव्हता. मग सगळे कुमुदकडे बघू लागले. इतक्या पुसटातही ती ओळखू येत होती. उभी ती एकटीच.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"एवढा शॉट होईपर्यंत."

"नक्की ना, अहो?"

"अगं, शब्द दिला."

तिला फारसं अवघड गेलं नाही. शाळेतली नोकरी सोडताना, माहेरच्या जागेवरचा हक्क सोडताना सराव झालाच होता. आधी ती पदराएवढी पातळ झाली, मग सायीएवढी. मिस्त्रीने कात्री मागितली.

"गोल कापाय लागंल."

"कापा," आक्कासाहेब म्हणाल्या, "पण जपून हो. पोरगी गुणाची आहे."

लेन्स बसली. झूम मागे आली आणि सगळे लख्ख झाले, आक्कासाहेबांची सुरकुती न् सुरकुती, रणधीरच्या कोटाची वीणसुद्धा. शॉट झाला. धैर्यशीलने लेन्सच्या लॉककडे हात नेला.

"काढाल तर सगळी परत पुसट," मिस्त्री म्हणाला.

"राहू दे की रे," रणधीर म्हणाला. "पाहुणे जेवून जाऊ देत, मग बघू."

"तिची काही तक्रार आहे का?" आक्कासाहेबांनी विचारलं.

रिंग हाताला कोमट लागत होती. धैर्यशीलने लॉक घट्ट धरलं आणि व्ह्यूफाइंडरला डोळा लावला. चौकटीत, आईच्या शेजारी, तो स्वतःच बसला होता, फेटा बांधून, हसतमुख. बाहेरच्या धैर्यशीलने लॉक फिरवायला घेतलं, तशी आतल्याने हसत हसत मान हलवली: नको.